डोंगरी भागातल्या शेतासाठी गाडी घेताय? चढण्याआधी उतरण्याचा विचार करा

दसरा जवळ आला की सातारा, कराड, इस्लामपूरच्या शोरूमवर डोंगरी भागातली माणसं दिसायला लागतात. पाटणच्या वरच्या अंगाची, जावळीतली, महाबळेश्वरच्या खालच्या खोऱ्यातली, शिराळ्याच्या पश्चिमेकडची. कुणाला मिनी ट्रॅक्टर घ्यायचा असतो, कुणाला पिकअप, कुणाला जुनी जीप. पहिला प्रश्न ठरलेला, "किती एचपीची आहे?" सेल्समनही त्यावरच बोलतो, कारण त्याचं उत्तर कॅटलॉगवर छापलेलं असतं.

पण डोंगरात गाडी चढली नाही तर फार तर ती जागेवर थांबते. माल उतरवावा लागतो, दोन फेऱ्या होतात, एवढंच. माणसं जायबंदी होतात ती गाडी उतरताना, वळताना, नाही तर कडेला कलंडताना. त्यामुळे तिथल्या शेतासाठी गाडी निवडताना एचपीच्या आधी तीन गोष्टी बघाव्या लागतात: भरलेली गाडी उतारावर कशी थांबते, आडव्या उतारावर किती तोल धरते आणि ओल्या मातीत कोणती चाकं ओढतात. बाकी सगळं त्यानंतर.

आधी पाणंद मोजा, मग शोरूमला जा

आपल्याकडच्या घाटांचे डांबरी रस्ते चढाला बरेच सौम्य असतात. पसरणी घाट असो, कुंभार्ली असो, १०० फुटांत साधारण ५ ते ७ फूट चढेल अशा बेताने असे रस्ते आखतात. वस्तीपासून शेतापर्यंतची पाणंद मात्र कुणी आखलेली नसते. बैलगाडी जाईल तिकडून ती पडलेली असते. १०० फुटांत २० फूट चढ म्हणजे घाटाच्या जवळपास तिप्पट किंवा त्याहून जास्त, आणि असे तुकडे पाटण-जावळीत कितीतरी पाणंदींवर आहेत. तेव्हा "गाडी घाट आरामात चढली" या टेस्ट ड्राइव्हवरून तुमच्या पाणंदीचं काहीच कळत नाही.

चढ मोजणं सोपं आहे. दहा फुटांचा सरळ बांबू किंवा पाइप घ्या. त्याचं वरचं टोक जमिनीला टेकवा आणि बांबू उताराच्या दिशेने सपाट धरा. सपाट आहे का ते गवंड्याच्या पाणसळीने बघा. आता खालच्या टोकापासून जमिनीपर्यंतचं अंतर मोजा. एक फूट भरलं तर चढ १० टक्के, म्हणजे साधारण ६ अंश. दोन फूट म्हणजे २० टक्के, ११ अंश. तीन फूट म्हणजे ३० टक्के, जवळजवळ १७ अंश. मोबाइलमध्ये लेव्हलचं ॲप असेल तर एखादी फळी उतारावर टाकून तिच्यावर मोबाइल ठेवला तरी अंश दिसतात. वळणावर, ओढ्याच्या उतारावर आणि शेतात शिरायच्या तोंडाशी हे मोजाच. सगळी पाणंद सपाट आणि एकच वळण वाईट असेल, तर गाडी त्या एका वळणासाठी निवडायची असते.

हेही उन्हाळ्यात नव्हे, पाऊस चालू असताना बघून ठेवा. तांबडी माती आणि जांभ्याचा मुरूम एप्रिलमध्ये दगडासारखा असतो आणि जुलैमध्ये साबणासारखा. खानापूर, आटपाडीच्या माळावर उतार असला तरी चिखलाचे दिवस थोडे, तिथे साध्या दोन चाकं ओढणाऱ्या गाडीवर भागतं. कोयना-वारणेच्या खोऱ्यात चार महिने वेगळंच जग असतं.

उतारावर वजन काय करतं

साधा हिशेब आहे. २० टक्के उतारावर दर हजार किलोमागे जवळपास २०० किलोचा ओढा खालच्या बाजूला असतो. ट्रॅक्टर, ट्रॉली आणि माल मिळून तीन टन वजन असेल तर ६०० किलो. चढताना इंजिनने एवढं ओढायचं आणि उतरताना ब्रेकने एवढं धरून ठेवायचं. इंजिन दमलं की आवाजावरून कळतं. ब्रेक दमला की फक्त वास येतो, आणि तोही उशिरा.

ट्रॅक्टरच्या बाबतीत एक गोष्ट बऱ्याच चालवणाऱ्यांनाही माहीत नसते. आपल्याकडच्या बहुतेक ट्रॅक्टरना ब्रेक फक्त मागच्या चाकांना असतात. उतरताना गाडीचं वजन पुढच्या चाकांवर सरकतं आणि मागची चाकं हलकी होतात. म्हणजे ब्रेक ज्या चाकांना आहे त्यांचीच पकड नेमकी उतारावर कमी होते. ब्रेक दाबला की मागची चाकं जाम होतात आणि ट्रॅक्टर तसाच घसरत जातो. फोर व्हील ड्राइव्ह जोडलेला असेल तर पुढची चाकंही इंजिनशी बांधली जातात आणि तीही गाडी धरून ठेवतात. डोंगरात फोर व्हीलची खरी किंमत इथे वसूल होते, आणि शोरूममध्ये ती कुणी सांगत नाही. "चिखलात अडकणार नाही" एवढंच सांगतात. म्हणून उतरायच्या आधी, वरच थांबून फोर व्हील जोडायचा. निम्म्यात घसरायला लागल्यावर नाही.

ज्या गिअरमध्ये चढलात त्याच गिअरमध्ये उतरायचं, ही जुन्या ड्रायव्हरांची रीत आजही बरोबर आहे. डिझेल वाचवायला न्यूट्रल करणं किंवा क्लच दाबून गाडी सोडणं म्हणजे इंजिनची पकड स्वतःच काढून टाकणं. ट्रॅक्टरला डाव्या-उजव्या चाकाचे दोन ब्रेक पेडल असतात. शेतात वळायला ते सुटे ठेवतात. पाणंदीला किंवा रस्त्याला लागण्याआधी दोन्ही पेडल जोडणारी पट्टी लावली नाही, तर घाईत एकच पेडल दाबलं जातं आणि ट्रॅक्टर एका बाजूला फेकला जातो. ट्रॅक्टर जुना घेत असाल तर ही पट्टी जागेवर आहे का ते आधी बघा. बहुतेकांनी ती काढून कुठेतरी टाकलेली असते.

ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नसतील तर उतारावर ट्रॉलीच ट्रॅक्टरला ढकलते. वळणावर ढकललं की ट्रॅक्टर आडवा होतो. छोट्या ट्रॅक्टरमागे मोठी ट्रॉली जोडायची सवय सपाटीवर खपून जाते, डोंगरात नाही. २४ एचपीच्या, टनभराच्या आतबाहेरच्या ट्रॅक्टरमागे दोन टन शेणखत भरून २० टक्के उतार उतरणं हा विषयच नको. दोन फेऱ्या करा.

मिनी ट्रॅक्टर: तासगावला चालतो तो पाटणला चालेलच असं नाही

सांगली जिल्ह्यात तासगाव, मिरज, पलूसच्या द्राक्षबागांमुळे मिनी ट्रॅक्टरचा बाजार मोठा आहे. दुरुस्तीवाले भरपूर, जुने ट्रॅक्टरही भरपूर. त्यामुळे डोंगरातला माणूस तिकडे जाऊन एखादा स्वस्तात घेऊन येतो. पण बागेतला ट्रॅक्टर दोन ओळींच्या मधून जावा म्हणून अरुंद ठेवलेला असतो आणि तो सपाट जमिनीवर फवारणी करतो. अरुंदपणा हा तिथला गुण. आडव्या उतारावर तोच दोष ठरतो, कारण चाकांमधलं अंतर जितकं कमी तितका तो लवकर कलंडतो.

तेव्हा डोंगरासाठी मिनी ट्रॅक्टर बघताना मागच्या दोन चाकांमधलं अंतर टेप लावून मोजा. काही मॉडेलमध्ये रिम उलटी बसवून ते वाढवता येतं, वाढत असेल तेवढं वाढवा. मागच्या टायरमध्ये पाणी भरलं तर वजन खाली येतं आणि तोल सुधारतो. ड्रायव्हरच्या मागे उभी लोखंडी कमान असलेलं मॉडेल मिळत असेल तर तेच घ्या, आणि सीट बेल्ट लावा. कमान आहे पण बेल्ट नाही, तर ट्रॅक्टर उलटताना माणूस बाहेर फेकला जातो आणि त्याच कमानीखाली सापडतो. आंब्याच्या फांद्या लागतात म्हणून कमान कापून काढणारेही आहेत. दुमडणारी कमान मिळते, ती बघावी.

आज बाजारात २० ते ३० एचपीत फोर व्हीलचे बरेच पर्याय आहेत. महिंद्राचा जिवो २४५ आणि कुबोटाचा निओस्टार बी २४४१ हे दोन्ही २४ एचपीचे. महिंद्राची ओजा मालिका २०२३ मध्ये आली, तिच्यातली सगळी मॉडेलं फोर व्हीलच आहेत. स्वराजचा कोड हा ११ एचपीचा, पेट्रोलवर चालणारा आणि हलका. भाजीपाल्याच्या आंतरमशागतीला तो छान आहे, पण चढावर ओझं वाहण्यासाठी तो नाही. कंपनी कोणतीही असो, तुमच्या गावापासून तिचा मेकॅनिक किती लांब आहे हे कॅटलॉगमधल्या दोन एचपींपेक्षा महत्त्वाचं. कोयनानगरच्या वर बंद पडलेल्या ट्रॅक्टरकडे कऱ्हाडचा मेकॅनिक भर पावसात लगेच येत नाही.

कंपनीच्या सांगण्यावर समाधान नसेल तर मध्य प्रदेशातल्या बुदनी इथल्या केंद्रीय कृषी यंत्र प्रशिक्षण व चाचणी संस्थेचा अहवाल मागा. ट्रॅक्टरचं प्रत्यक्ष वजन, ब्रेकची चाचणी, वळायला लागणारी जागा हे सगळं त्यात असतं. डीलरकडे तो असतो, फक्त मागावा लागतो.

आता शेतातलं काम. पाण्याने माती वाहू नये म्हणून उताराला आडवी नांगरट करा, असं कृषी खातं सांगतं आणि ते खरंच आहे. पण आडवं चालवताना ट्रॅक्टर कलंडायचा धोका जास्त. यातून सोपी वाट नाही. माझ्या मते १० अंशांच्या आत आडवं चालवायला हरकत नाही. त्यापुढे दगड, खड्डा, ओली माती बघून अगदी सावकाश. आणि १५ अंशांपुढे मिनी ट्रॅक्टर आडवा घालूच नये. तिथे ताली घालून खाचरं करावीत, नाही तर बैल बरे. नाचणी-वरीच्या वरच्या तुकड्यांवर अजून बैल दिसतात ते गरिबीमुळेच असं समजू नका. तिथे दुसरं काही चालत नाही, हेही एक कारण आहे.

खाचरात काम करताना बांधाच्या कडेपासून निदान बांधाच्या उंचीएवढं अंतर ठेवा. चार फुटांचा बांध असेल तर चार फूट आत. पावसात भिजलेला बांध चाकाच्या वजनाने आतून ढासळतो आणि वरून काही दिसत नाही. एका खाचरातून दुसऱ्यात जाताना बांध तिरका ओलांडू नका. सरळ चढाची वाट एकदाच नीट करून घ्या, दगड लावून.

चढावर काही ओढताना साखळी किंवा दोर नेहमी खालच्या, ठरलेल्या हुकालाच लावायचा. वर, सीटच्या मागे किंवा एक्सलला लावला की ट्रॅक्टरची पुढची चाकं उचलली जातात आणि तो मागे उलटतो. हे इतक्या झटक्यात होतं की क्लच दाबायला वेळ मिळत नाही. अडकलेला ट्रॅक्टर काढताना हीच चूक सगळ्यात जास्त होते, कारण तेव्हा सगळेच ओरडत असतात.

पॉवर टिलर आणि वीडर

दीड-दोन एकर, तेही चार-पाच तुकड्यांत, अशी जमीन असेल तर पाच ते सात लाखांचा ट्रॅक्टर कर्जावर घेण्याआधी पॉवर वीडर किंवा टिलर बघा. लहान खाचरात तो वळतो, बांधावरून उतरवता येतो, भाताच्या चिखलणीला उत्तम. वाहतुकीला पिकअप भाड्याने सांगावी.

मात्र टिलर उतारावर उलटा वागतो, हे चालवणाऱ्या प्रत्येकाला माहीत पाहिजे. सपाटीवर डाव्या हाताचा वळवायचा क्लच दाबला की टिलर डावीकडे वळतो. उतारावर, इंजिन गाडीला धरून ठेवत असताना, डावा क्लच दाबला की डावं चाक मोकळं सुटून पुढे पळतं आणि टिलर उजवीकडे जातो. नवा माणूस घाबरून आणखी दाबतो. उतारावर हे क्लच न वापरता दांड्या धरून, हळू वळवायचं. आणि टिलरमागे ट्रॉली जोडून, वर बसून पाणंद उतरणं टाळाच.

पिकअप, छोटा हत्ती आणि जीप

दूध, भाजी, स्ट्रॉबेरी, खत, खाद्य यांची ने-आण हेच मुख्य काम असेल तर ट्रॅक्टरपेक्षा पिकअप कामाची. बोलेरो पिकअप मॉडेलनुसार सव्वा ते दोन टनांपर्यंत माल नेते आणि तिचे पार्ट तालुक्याच्या कुठल्याही गावात मिळतात. टाटा एस, म्हणजे आपला छोटा हत्ती, २००५ मध्ये आला तेव्हापासून डांबरी रस्त्याला लागून असलेल्या वस्त्यांचं काम त्याने खूप सोपं केलं. पण त्याची चाकं लहान आणि खालची जागा कमी. पाणंदीत दगडावर टेकतो. रस्ता दारापर्यंत असेल तरच तो घ्या.

पिकअपची मागची चाकं ओढतात. चढावर वजन मागे सरकतं म्हणून भरलेली पिकअप नीट चढते. रिकामी असली की मागचा भाग हलका होऊन ओल्या चढावर चाकं फिरत राहतात. मागच्या एक्सलच्या बरोबर वर मातीची चार पोती ठेवली की फरक पडतो, फक्त ती बांधून ठेवा. आजच्या बहुतेक छोट्या कार पुढच्या चाकांवर चालतात, त्यांचं नेमकं उलटं होतं. म्हणून जी कार पाणंदीत तोंडाने चढत नाही ती कधी कधी रिव्हर्समध्ये चढते. करामत खरी आहे, पण रोज करायची नव्हे.

माल आणि माणसं दोन्ही न्यायची असतील तर बोलेरो कॅम्परचं फोर व्हील मॉडेल आहे. ते शोरूममध्ये उभं नसतं, मागवावं लागतं. घेताना फोर व्हीलसोबत 'फोर लो' म्हणजे जादा ताकदीचा हळू गिअर आहे ना, ते विचारा. डोंगरातलं काम त्या हळू गिअरवरच होतं, चढतानाही आणि उतरतानाही. थार बघून "फोर बाय फोर आहे" असं गृहीत धरू नका. जानेवारी २०२३ पासून तिचं फक्त मागच्या चाकांवर चालणारं मॉडेलही विकलं जातं आणि दिसायला दोन्ही सारखीच. मारुती जिम्नी सगळी फोर व्हील आणि हळू गिअरसह येते, पण ती माणसांची गाडी, चार पोत्यांपुढे तिच्याकडून अपेक्षा नको. फोर व्हील कोरड्या डांबरावर जोडून पळवू नका. गिअरबॉक्सवर ताण येतो आणि वळताना गाडी अडखळते.

कॅटलॉगमध्ये गाडी किती टक्के चढ चढते तो आकडा असतो. तो पक्क्या, कोरड्या रस्त्यावरचा असतो. तुमच्या चिखलाचा आकडा छापणारी कंपनी अजून निघालेली नाही.

जुन्या वडापच्या जीपवर डोंगरी भागाची एक पिढी जगली. कमांडर, मेजर, ट्रॅक्स. आजही वरच्या वस्त्यांवर त्या दिसतात आणि स्वस्तात मिळतात. घेताना इंजिनपेक्षा चॅसी बघा. खाली झोपून, पाट्यांच्या हुकांजवळ आणि बॉडी बसते तिथे हातोडीने ठोका. आवाज बद्द आला तर आत गंज आहे. आमच्याकडच्या पावसात चॅसी आधी जाते, इंजिन नंतर. फोर व्हीलचा दांडा आहे म्हणजे फोर व्हील चालतो असं नाही. पुढचा शाफ्ट काढून विकलेल्या कितीतरी गाड्या आहेत. मोकळ्या मातीत दांडा टाकून पुढची चाकं खरंच ओढतात का ते डोळ्यांनी बघा. १५ वर्षं झालेल्या गाडीची पुनर्नोंदणी, फिटनेस आणि पर्यावरण कर यांचा खर्च आधी आरटीओत विचारून किमतीतून वजा करा.

रिसॉर्टवर दिसणारी चार चाकी एटीव्ही शेतात छान पळते, पण बहुतेक एटीव्हींना रस्त्यावर चालवायची नोंदणी मिळत नाही. शेतातून डेअरीपर्यंत जायचं तर मधे रस्ता येतोच.

गाडी कुठे उभी करणार

हा प्रश्न कुणी विचारत नाही. जुलै २०२१ मध्ये महाबळेश्वरला २४ तासांत जवळपास ६०० मिलिमीटर पाऊस झाला आणि पाटण तालुक्यात आंबेघर, मिरगाव, ढोकावळे इथे दरडी कोसळल्या. रस्ते तुटले, मदतही पायीच पोचवावी लागली. अशा वेळी कोणतीच फोर व्हील उपयोगाची नाही. पण एरवीच्या मुसळधार पावसातही डोंगर कापून केलेल्या जागेत, उभ्या मातीच्या भिंतीखाली गाडी लावू नका. उतारावर उभी करताना हँडब्रेकवर विसंबू नका. पहिला किंवा रिव्हर्स गिअर टाका आणि चाकाला दगड लावा. ट्रॅक्टरचं अवजार जमिनीला टेकवून ठेवा.

कागद आणि पैसे

२२ सप्टेंबर २०२५ पासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आला, ट्रॅक्टरचे टायर आणि सुटे भागही ५ टक्क्यांत आले. मालवाहू गाड्यांवरचा २८ वरून १८ झाला. जुनं कोटेशन घेऊन बसला असाल तर नवीन मागा.

अनुदानासाठी महाडीबीटी पोर्टलवर अर्ज करायचा, फार्मर आयडी लागतो. सातबारा, आठ-अ, आधार, कोटेशन आणि चाचणी अहवाल जवळ ठेवा. पूर्वसंमती येण्याआधी ट्रॅक्टर किंवा टिलर खरेदी केला तर अनुदान बुडतं. दसऱ्याचा मुहूर्त साधायला गेलेले यातच फसतात. चालू वर्षी रक्कम किती ते गावच्या कृषी सहायकाकडून लिहून घ्या. पाणंदच दुरुस्त करायची असेल तर २०२१ मध्ये मातोश्री ग्रामसमृद्धी शेत-पाणंद रस्ते योजना सुरू झाली होती, आता कोणती योजना लागू आहे ते ग्रामपंचायतीत विचारा. वाईट वळणाचा चढ कमी झाला तर कदाचित साधी गाडीही पुरेल, म्हणून गाडी बुक करण्याआधी ग्रामसेवकाला गाठा.

लायसन्सबद्दल गोंधळ असतो. ६ नोव्हेंबर २०२४ ला सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने स्पष्ट केलं आहे की हलक्या वाहनाच्या लायसन्सवर साडेसात टनांच्या आतली मालवाहू गाडी चालवता येते, त्यासाठी वेगळी परवानगी लागत नाही. म्हणजे पिकअपला तेच लायसन्स चालतं.

ट्रॅक्टर-ट्रॉलीत मात्र माणसं नेता येत नाहीत. शेतीच्या ट्रॅक्टरचा विमा ट्रॉलीतल्या वऱ्हाडाला किंवा यात्रेच्या मंडळींना लागू होत नाही, आणि अपघात झाला तर भरपाईचा बोजा मालकावर येतो. विमा घेताना पावतीवर ट्रॉलीचा नंबर वेगळा लिहिला आहे का ते बघून घ्या. ट्रॉलीची नोंदणी वेगळी असते आणि एजंट ती बऱ्याचदा सोडून देतात.